मायनर सेव्हन: इन्व्हर्जन आणि व्हॉइसिंगमधला गोंधळ

नमस्कार मंडळी! मायनर सेव्हन कॉर्डची (एकत्र वाजवायच्या चार सुरांची) इन्व्हर्जन, म्हणजे खालचा सूर बदलून होणारी रूपं, शिकवा, असं कमेंटमध्ये सारखं येतंय, म्हणून आज तेच घेऊ. डी मायनर सेव्हन म्हणजे डी, एफ, ए, सी. पेटीवाल्यांनो, पांढरी दोनचा सा धरा: सा, कोमल ग, प, कोमल नी. हे सगळ्यांना येतंच, पुढे जाऊ.

आता नीट ऐका. इन्व्हर्जन ठरतं फक्त सगळ्यात खालच्या सुरावरून. खाली डी असेल तर मूळ स्थिती; एफ आला की पहिलं इन्व्हर्जन, ए आला की दुसरं, सी आला की तिसरं. वरचे सूर कसेही मांडा, त्याला व्हॉइसिंग म्हणायचं. एकानं विचारलंय, "सर, चार सुरांची चोवीस इन्व्हर्जन होतात ना?" नाही हो! मांडण्या चोवीस होतील, पण मूळ स्थिती एक आणि इन्व्हर्जन तीनच.

हात बघा. डावी करंगळी डीवर. उजवीकडे एफ-ए-सी, मग ए-सी-एफ, मग सी-एफ-ए. खाली डी हलला का? मग इन्व्हर्जनही बदललं नाही.

परवा पार्क चौकाजवळ एका ऑर्केस्ट्राची तालीम ऐकत बसलो होतो. कीबोर्डवर एक गुणी पोरगा, एफ-ए-सी-डी धरून म्हणतो, "हे पहिलं इन्व्हर्जन." अरे, शेजारी बेसवाला डी वाजवतोय! ऐकणाऱ्याच्या कानाला सगळ्यांत खालचा सूर त्याचा. म्हणजे मूळ स्थितीच झाली.

आणि हो, एफ-ए-सी-डी म्हणजे एफ सिक्स नावाची कॉर्डसुद्धा, यावरून कमेंटमध्ये भांडू नका. सूर तेच आहेत. पुढेमागे काय वाजतंय ते बघा. पुढे जी सेव्हन आणि मग सी मेजर या कॉर्ड येत असतील, तर मी त्याला डी मायनर सेव्हनच म्हणेन.

ड्रॉप टू नावाचं व्हॉइसिंग पटकन सांगतो. डी-एफ-ए-सी मधला वरून दुसरा सूर, ए, एक सप्तक खाली घ्या: ए-डी-एफ-सी. इथे खालचा सूर बदलला, म्हणून दुसरं इन्व्हर्जन. फक्त चारही सूर खर्जात गच्च दाबू नका, गिचमिड होते.

बेसवाला असेल तर डी त्याच्यावर सोडा. तुम्ही फक्त एफ आणि वर सी धरा. जी सेव्हन आला की सी चा बी करा, एफ तिथेच. सी मेजर सेव्हनला एफ चा ई करा, बी तिथेच. दर वेळी एकच बोट हलतं. चला, बसा पेटीवर.