विरोधी खासदार सरकारला नेमका अडवतो कुठं? ऊसबिलाच्या एका प्रश्नातून समजून घेऊ

नमस्कार मंडळी.

अधिवेशन सुरू झालं की मोबाईलवर तीस सेकंदांच्या क्लिप येतात. कुणी कागद फडकावतंय, कुणी हौद्यात उतरलंय, खाली लिहिलेलं असतं, 'सरकारला धारेवर धरलं'. मग शिरोळचा ऊस उत्पादक विचारतो, धरलं ते ठीक, पण माझ्या बिलाचं काय झालं? हा प्रश्न रास्त आहे. आजचा सगळा व्हिडिओ त्याच्या उत्तरासाठी आहे.

आपल्या जिल्ह्याला लोकसभेत दोन्ही बाजू आहेत. 2024 मध्ये निवडून आलेले कोल्हापूरचे शाहू छत्रपती काँग्रेसचे, म्हणजे विरोधी बाकावर. हातकणंगल्याचे धैर्यशील माने शिवसेनेचे, म्हणजे सत्ताधारी बाकावर. त्यामुळं विरोधी बाकावरून काय करता येतं, हे आपल्याला नीट माहीत असायलाच हवं. आज फक्त लोकसभेचं बोलतोय. राज्यसभेचे आणि विधानसभेचे नियम वेगळे आहेत.

सुरुवात तारांकित प्रश्नापासून, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो. अतारांकिताचं उत्तर फक्त लेखी येतं. माझ्या मते विरोधकाच्या हातातलं हे सगळ्यात धारदार हत्यार आहे आणि सगळ्यात वाया जाणारंही. सकाळी 11 ते 12 प्रश्नोत्तराचा तास. एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित प्रश्न. खासदाराला एका दिवसासाठी तारांकित आणि अतारांकित मिळून 5 नोटिसा देता येतात, पण तारांकितांच्या यादीत त्याचा एकच प्रश्न येऊ शकतो. किमान 15 दिवस आधी नोटीस द्यायची, मंत्रालयाचा ठरलेला वार बघून द्यायची, आणि मग सोडत. सोडतीत नंबर वर आला तर ठीक. कारण तासाभरात साधारण चार-पाच प्रश्नांवरच तोंडी चर्चा होते. बाराव्या नंबरचा प्रश्न असला, तर लेखी उत्तर पटलावर जातं आणि विषय तिथंच थांबतो.

आता हे लक्षात घ्या. मूळ प्रश्नाचं उत्तर छापील असतं, अधिकाऱ्यांनी बसून लिहिलेलं. त्यात मंत्री सापडत नाही. तो सापडतो पुरवणी प्रश्नात, म्हणजे त्या उत्तरावर तिथंच विचारलेल्या पुढच्या प्रश्नात, कारण त्याचं उत्तर त्याला उभं राहून द्यावं लागतं. प्रश्न ज्याच्या नावावर आहे, त्याला असे दोन पुरवणी प्रश्न मिळतात. दोनच.

उसाचंच उदाहरण घेऊ. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 सांगतो की ऊस दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान ऊसदराचे पैसे द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दरानं व्याज. हिशोब करून बघू. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्याला एफआरपी क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. एकरी 40 टन धरले तर 1,42,000 रुपये. तोडणी-वाहतूक वजा न करता, हिशोब सोपा ठेवतोय. चौदा दिवसांनंतर आणखी 60 दिवस पैसे अडकले, तर व्याज होतं सुमारे 3,500 रुपये. एका एकराचं! हे व्याज तुमच्या खात्यावर कधी वेगळं जमा झालंय का, पासबुक काढून बघा.

यावर खासदार प्रश्न देतो, 'कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांनी थकबाकी का दिली नाही?' ऐकायला जोरदार. पण प्रश्न फसला. कारण केंद्रीय मंत्री म्हणणार, अंमलबजावणीचे अधिकार राज्यांकडं सोपवलेत, राज्याला विचारा. कधी कधी तर लोकसभा सचिवालयच असा प्रश्न नामंजूर करतं, कारण प्रश्न केंद्र सरकारच्या जबाबदारीतला असावा लागतो.

तोच प्रश्न असा लिहा: (क) 14 दिवसांत एफआरपी न दिलेल्या कारखान्यांची राज्यनिहाय संख्या किती? (ख) 15 टक्के व्याजापोटी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष किती रक्कम मिळाली? (ग) त्याचा अहवाल केंद्रानं राज्यांकडून शेवटचा कधी मागवला? प्रश्न साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो, आणि हा त्यात आरामात बसतो. (ख)ला आकडा नसेल तर मंत्र्याला लेखी कबूल करावं लागतं की व्याज मिळालं की नाही, हे केंद्राला माहीतच नाही.

आणि पहिला पुरवणी? 'आदेश केंद्राचा, अधिकार केंद्रानं सोपवले. मग ते वापरले जातात की नाही हे तपासणारा अधिकारी मंत्रालयात कोण आहे?' त्यावर भाषण नको. आपल्या खासदारांची नेहमीची चूक हीच. दोन मिनिटं प्रस्तावना होते, शेतकऱ्याच्या हालअपेष्टा येतात, तोवर अध्यक्ष म्हणतात, प्रश्न विचारा. मग घाईत एका दमात तीन प्रश्न. मंत्री त्यातला सोपा उचलतो, त्याचंच उत्तर देतो आणि खाली बसतो. एका वाक्यात एकच प्रश्न विचारला, की त्याला निवडायला जागा राहत नाही.

मंत्री बहुतेक वेळा म्हणेल, 'माहिती मागवून सभागृहाला देऊ.' ऐकणाऱ्याला वाटतं, टाळलं. नाही! इथंच खासदाराच्या हाती काहीतरी लागतं. 'तपासून पाहू', 'विचाराधीन आहे', 'माहिती गोळा करत आहोत' असली वाक्यं सरकारचं आश्वासन म्हणून नोंदवली जातात. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती 1953 साली, गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष असताना सुरू झाली. पंधरा सदस्य असतात, मंत्री त्यात बसू शकत नाही. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं, नाही तर मुदतवाढ मागायची. विरोधी खासदाराच्या कार्यालयात या तारखांची वही नसेल, तर त्यानं मिळवलेलं अर्धं तिथंच सांडतं.

उत्तर अर्धवट वाटलं तर नियम 55 खाली अर्धा तास चर्चा मागता येते. तीन दिवस आधी नोटीस आणि सोबत कारण सांगणारी टीप. हे फार कमी वापरलं जातं, याचं खरंच वाईट वाटतं.

आता आलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. त्याच्या फुगवट्यानं आपल्याकडचा पूर वाढतो, ही आपली भीती. 2019 आणि 2021 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. शिरोलीजवळ महामार्ग बंद, गावंच्या गावं पाण्यात. आलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 करण्याचा विषय निघाला की आपल्याकडं पोटात गोळा येतो. पण सभागृहात 'उंची वाढवू देऊ नका' एवढंच विचारलं, तर उत्तर तयार असतं: बाब न्यायप्रविष्ट आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे आणि न्यायालयासमोरच्या विषयावर प्रश्न घेतला जात नाही. म्हणून वाट बदलायची. पावसाळ्यात धरणातला साठा आणि विसर्ग यांची माहिती दोन्ही राज्यांना किती तासांनी मिळते? केंद्रीय जल आयोगाचा पूर अंदाज आपल्या खोऱ्यात किती तास आधी येतो? हे प्रश्न न्यायालयात अडकलेले नाहीत आणि चिखलीच्या माणसाला जनावरं हलवायला वेळ मिळतो तो याच तासांतून.

मोठी आयुधं थोडक्यात सांगतो. स्थगन प्रस्तावाला, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीचा विषय घेण्याच्या मागणीला, विरोध झाला तर 50 सदस्य उभे राहावे लागतात. अविश्वास ठरावालाही 50. नियम 193 च्या चर्चेत मतदान नाही, 184 मध्ये आहे. म्हणून सरकार पहिल्याला तयार होतं आणि दुसऱ्याला सहसा नाही. अर्थसंकल्पी मागण्यांवर कपात सूचना तीन प्रकारच्या: धोरणाला विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणा, काटकसर हवी असेल तर ठराविक रक्कम कमी करा, एखादी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करा. शेवटची आपल्या कामाची. एखाद्या पुलाचा किंवा रेल्वेमार्गाचा विषय तिथं नावानिशी नोंदवता येतो.

मतदानात विरोधक बहुधा हरणारच, पण म्हणून चर्चा फुकट जात नाही. ऑगस्ट 1963 चा पहिला अविश्वास ठराव 62 विरुद्ध 347 असा पडला. पण त्याच वेळी राममनोहर लोहियांनी मांडलं की देशातल्या बहुसंख्य माणसांची रोजची मिळकत तीन आणे आहे, आणि सरकारला 15 आण्यांचा आकडा घेऊन त्यावर वाद घालावा लागला. त्या आकड्यानं मतं फिरली नाहीत, पण गरिबी मोजायची कशी, हा प्रश्न सरकारपुढं येऊन बसला.

गोंधळाबद्दलही सांगायला हवं. कधी कधी तो नाइलाजानं होतो, कारण चर्चाच नाकारली जाते, हे मान्य. पण त्याची किंमत बघा. डिसेंबर 2023 च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून 146 खासदार निलंबित झाले आणि निलंबितांचे प्रश्न यादीतून काढले गेले. ज्या प्रश्नासाठी शेतकऱ्यानं कागद जमवले, तोच गेला. आरोप करतानाही नियम 353 आहे: कुणाची बदनामी होईल असा आरोप करायचा तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी कळवायचं. नाही कळवलं, तर वाक्य कामकाजातून वगळलं जातं आणि नोंदीत काहीच उरत नाही. ऊस घालून काटापावती न घेतल्यासारखं होतं ते.

आता तुमच्या हातात काय? खासदाराच्या कार्यालयाला नुसतं निवेदन देऊन फोटो काढू नका. एका पानावर लिहा: कारखाना, हंगाम, ऊस तोडल्याची तारीख, काटापावतीचा नंबर, वजन, बिल जमा झाल्याची तारीख, व्याज मिळालं की नाही. गावातल्या वीस जणांची अशी वीस पानं एकत्र शिवा. अधिवेशन सुरू होण्याच्या किमान तीन आठवडे आधी पोचवा, कारण 15 दिवसांच्या नोटिशीआधी त्यांनाही प्रश्न लिहायला वेळ लागतो. पोच घ्या. मग संसद डॉट इन या संकेतस्थळावर प्रश्नांच्या विभागात खासदाराचं नाव टाकून शोधा. प्रश्न आलाय का, तारांकित की अतारांकित, उत्तर काय आलं, सगळं तिथं दिसतं. उत्तरात 'माहिती गोळा करत आहोत' असं वाक्य दिसलं, तर तारीख लिहून ठेवा आणि नव्वद दिवसांनी पुन्हा कार्यालयात जा.