तीन गुणांनी जिंकलेला हंगाम

13 सप्टेंबर 2020. इटलीच्या तस्कनी प्रांतातला मुजेल्लो ट्रॅक. फॉर्म्युला थ्रीच्या हंगामातली शेवटची शर्यत सुरू व्हायची आहे आणि गुणतक्त्यात पहिल्या दोन नावांपुढे एकच आकडा आहे : 160. दोघंही प्रेमा या एकाच संघाचे. एक मेलबर्नचा ऑस्कर पियास्त्री, दुसरा अमेरिकेचा लोगन सार्जंट. नऊ गुणांनी मागे फ्रान्सचा थिओ पूर्शेर. वय फक्त सतरा.

फॉर्म्युला वनचं स्वप्न पाहणाऱ्या पोरांना ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यातली ही शेवटून दुसरी. तीस गाड्या, दहा संघ, प्रत्येकाचे तीन ड्रायव्हर. चाकं उघडी, बैठक एकट्याची. सांगाडा सगळ्यांना दल्लाराचा, 3.4 लिटरचं व्ही-सिक्स इंजिन सगळ्यांना मेकाक्रोमचं, टायर सगळ्यांना पिरेलीचे. म्हणजे ‘गाडीच साथ देत नव्हती’ ही सबब इथे फारशी कुणी ऐकून घेत नाही.

प्रेमाच्या या संघात आदल्या वर्षी आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला होता. 2019 मध्ये तो तिसरा आला आणि वरच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये, गेला. पहिले तिन्ही क्रमांक प्रेमाचेच होते, त्यामुळे त्यांच्या जागी आलेल्या नव्या तिघांकडून अपेक्षा काय असणार, हे वेगळं सांगायला नको.

कोविडमुळे हंगामाची सुरुवातच लांबली. जुलैमध्ये ऑस्ट्रियात हिरवा दिवा लागला, आणि मग दम खायला सवड नाही. अकरा आठवड्यांत नऊ शनिवार-रविवार, प्रत्येकी दोन अशा अठरा शर्यती. रेड बुल रिंगवर दोनदा, सिल्व्हरस्टोनवर दोनदा. बहुतेक ठिकाणी प्रेक्षक-गॅलऱ्या रिकाम्या.

पहिलीच शर्यत पियास्त्रीने जिंकली. वाटलं, आता हा सुटला. पण दुसऱ्या विजयासाठी त्याला बार्सिलोनापर्यंत, ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. त्यानंतर एकही नाही. पूर्ण हंगामात विजय दोन, पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीत पहिला येऊन मिळणारी सर्वांत पुढची जागा, शून्य. न्यूझीलंडच्या लियाम लॉसनने तीन शर्यती जिंकल्या, प्रेमाच्याच फ्रेडरिक वेस्टीनेही तीन. पूर्शेरने तर सोळाव्या वर्षीच शर्यत जिंकून दाखवली.

मग पियास्त्री वर कसा? त्याची खेळी चौकार-षटकारांची नव्हतीच. एकेरी-दुहेरी धावा पळत तो धावफलक हलता ठेवत होता. मोंझाचंच बघा. पात्रता फेरीत पुढच्या गाडीच्या आडोशाने वेग मिळावा म्हणून सगळेच रेंगाळत होते, कुणालाच पुढे व्हायचं नव्हतं. त्या गोंधळात दंड झालेल्यांत पियास्त्रीही होता. सुरुवात पंधराव्या जागेवरून, शेवट तिसऱ्या. माझ्या मते त्याची वर्षातली सर्वांत भारी शर्यत हीच, जिंकलेल्या दोन्हींपेक्षा.

आणि मग मुजेल्लो. आठ गुणांची आघाडी घेऊन तो आला आणि शनिवारी अकरावा आला. गुण शून्य. सार्जंट सहावा, गुण आठ. आघाडी साफ! त्यात तेव्हाचा नियम असा, की रविवारच्या शर्यतीत शनिवारचे पहिले दहा जण उलट्या क्रमाने उभे राहायचे. पियास्त्री एकच जागा वर, दहावा आला असता, तर एक गुणही मिळाला असता आणि रविवारी तो सगळ्यांच्या पुढे उभा राहिला असता. आता मात्र त्याला अकराव्या जागेवरूनच निघायचं होतं आणि सार्जंट पाचव्या जागेवर होता.

रविवारी दिवे विझले, म्हणजे शर्यत सुटली. ट्रॅकच्या पहिल्याच फेरीत सार्जंट आणि लिरिम झेंडेलीची टक्कर झाली आणि सार्जंटची शर्यत तिथेच संपली. वर्षभराची मेहनत, एक फेरीही धड पुरी नाही. यात त्याचं काय चुकलं, हे शोधून सापडत नाही.

पण पियास्त्रीला अजून सुटका नव्हती, कारण पूर्शेर वर सरकत होता. पूर्शेर जिंकला असता तर त्याचे 166 झाले असते. त्याच्यापुढे दोनच गाड्या होत्या, आणि त्यातली पहिली होती लॉसनची. लॉसन काही हटला नाही. पूर्शेर तिसरा, दहा गुण, एकूण 161. पियास्त्री अकराव्यावरून सातवा, चार गुण, एकूण 164. सार्जंट 160 वरच.

पुढच्या वर्षी पियास्त्रीने फॉर्म्युला टूही पहिल्याच फटक्यात जिंकली. 2023 मध्ये तो मॅकलारेनकडून फॉर्म्युला वनमध्ये आला. सार्जंटही त्याच वर्षी विल्यम्समधून आला, पण 2024 च्या मध्यात त्याची जागा गेली. लॉसनलाही संधी मिळाली. एवढंच कशाला, या हंगामात एकही गुण न मिळवलेला जॅक डूहानसुद्धा पुढे फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, उभा राहिला.

पूर्शेर 2023 चा फॉर्म्युला टू विजेता. 2024 च्या फॉर्म्युला वन ग्रिडवर मात्र त्याच्यासाठी जागा निघाली नाही. त्या वर्षी तो अमेरिकेत, इंडीकार या तिथल्या शर्यत-मालिकेत, दुसऱ्यांच्या जागेवर काही शर्यती चालवत होता.