‘जरा बघून घे’ म्हणजे नक्की काय बघू?

नमस्कार मंडळी. आज ऑफिसातलं आणि कारखान्यातलं बोलूया, आणि खरं सांगायचं तर साहेब लोकांबद्दल बोलूया, कारण तुमच्यातले बरेचजण कुणाचे ना कुणाचे साहेब असणारच, हाताखाली एक माणूस असला तरी.

1996 साली महाराष्ट्रात एक चांगला निर्णय झाला होता. लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अक्षरं-शब्द ओळखायला अडचण) वगैरे असलेल्या मुलांना दहावीच्या बोर्डात सवलती मिळाल्या, जादा वेळ, स्पेलिंगच्या चुका धरायच्या नाहीत, कॅल्क्युलेटर चालेल, असं. मुंबईत सायन हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये सर्टिफिकेटसाठी आईबाप पोरांना घेऊन चकरा मारायचे, आणि शेजारीपाजारी म्हणायचे की मार्कांसाठी नाटकं चाललीत. असो. आता जरा हिशेब करा, तेव्हा दहावीला असलेली ती पोरं आज 45 च्या आसपास आली. बँकेत आहेत, आयटीत आहेत, वर्कशॉपमध्ये आहेत, काहीजण मॅनेजर पण झाले असतील. दहावी सुटली, डिस्लेक्सिया थोडाच सुटला? पण नोकरीला लागल्यावर त्यांना कुणी विचारलं का की बाबा, आता तुला काय लागतं म्हणून?

डिस्लेक्सिया, ऑटिझम (लोकांशी बोलण्या-वागण्याची आणि आवाज-गर्दी जाणवण्याची पद्धत वेगळी असणं), एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणं), डिस्प्रॅक्सिया (हातापायांच्या हालचालींचा मेळ बसवणं अवघड जाणं), या सगळ्यांना मिळून हल्ली न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. हा शब्द ज्या न्यूरोडायव्हर्सिटीवरून आला ती कल्पना 1990 च्या दशकाच्या शेवटी पुढं आली, ऑस्ट्रेलियातल्या ज्यूडी सिंगर या बाईंचं नाव त्यात घेतात, पण नुसतं त्यांचं एकटीचं नाही, ऑटिस्टिक लोकच तेव्हा इंटरनेटवर एकमेकांशी हे बोलत होते. सांगायचं एवढंच की मेंदू सगळ्यांचे सारखे चालत नाहीत, आणि आपली ऑफिसं एकाच प्रकारच्या मेंदूला धरून बांधलेली आहेत. आणि कृपा करून ‘सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतात’ हे वाक्य नको, ते ऐकून समोरच्याला बरं वाटत नाही, वैताग येतो.

मी भोसरीत गाडीचे पार्ट बनवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटी बघतो, त्यामुळं माझी उदाहरणं तिथलीच येणार, पण तुमचं दुकान असो, बँक असो, शाळा असो, फार फरक पडत नाही.

आमच्याकडं फायनल इन्स्पेक्शनला एक मुलगा आहे. डिप्लोमा झालेला, ऑटिझमचं निदान कॉलेजात असताना झालेलं, त्यानं स्वतःहून सांगितलं म्हणून आम्हाला माहिती. काम काय, तर पार्ट बघायचा, ओरखडा, डेंट, बर (कडेला राहिलेलं धातूचं कुसळ) असेल तर लाल बिनमध्ये टाकायचा. पहिल्या आठवड्यात सुपरवायझर त्याला म्हणाला, अरे जरा बघून घे, जास्त ओरखडा असला तर काढ बाजूला. तो म्हणाला, जास्त म्हणजे किती? सुपरवायझर म्हणाला, अरे बाबा जास्त म्हणजे जास्त, दिसतं ना डोळ्याला. तो म्हणाला, मला सगळेच दिसतात. आणि खरंच, त्याला सगळेच दिसत होते, त्यानं ट्रेच्या ट्रे लाल बिनमध्ये टाकले, डिस्पॅचची गाडी खाली उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, सुपरवायझरचं डोकं फिरलं. लायनीवर चर्चा काय, तर पोरगा उर्मट आहे, उलट बोलतो.

आता बघा, पोरगा उर्मट नव्हता, प्रश्न अगदी बरोबर होता. जास्त म्हणजे किती हे त्या लायनीवर कुणालाच माहीत नव्हतं! फर्स्ट शिफ्टचा माणूस एक पार्ट पास करायचा, तोच पार्ट सेकंड शिफ्टवाला रिजेक्ट करायचा, आणि वर्षानुवर्षं त्याच्यावरून भांडणं चालली होती, सगळे अंदाजानं काम करत होते आणि त्या अंदाजाला अनुभव म्हणत होते. मग आम्ही लिमिट सॅम्पलचा बोर्ड केला. क्वालिटीतल्या लोकांना हे नवीन नाही, एका फळीवर तीन पार्ट लावायचे, हा चालेल, हा शेवटचा चालणारा, हा चालणार नाही, खाली ओरखड्याची लांबी मिलिमीटरमध्ये आणि सही तारखेसकट. अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर त्या मुलानं कधी जास्त म्हणजे किती विचारलं नाही, आणि गंमत म्हणजे बाकीच्या शिफ्टवाले पण गुपचूप त्याच बोर्डाकडं बघून पार्ट काढायला लागले.

मला यात राग कशाचा येतो सांगू का. आपल्या कारखान्यात पोका-योके, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय, सगळ्यांना पाठ आहे, पार्ट उलटा बसूच नये म्हणून फिक्श्चरमध्ये, म्हणजे पार्ट धरणाऱ्या साच्यात, पिन टाकतो, चूक झाली तर आधी फिक्श्चर तपासतो, ऑपरेटरला शिव्या देत नाही, निदान ऑडिटरसमोर तरी नाही. मशीनच्या बाबतीत एवढी अक्कल वापरणारे आपण, माणसाला काम सांगताना मात्र ‘बघ जरा’, ‘होऊन जाईल ना’, ‘जमलं तर आज दे’, ‘एकदा नजर मार’, असलं बोलतो. जमलं तर आज दे म्हणजे आजच दे, हे समोरच्यानं ओळखायचं. नाही ओळखलं तर अप्रेझलला कम्युनिकेशन स्किलच्या रकान्यात दोन मार्क कमी. माझ्या मते ते मार्क साहेबाचे कापायला पाहिजेत.

तुम्ही म्हणाल, ऑटिझमवाल्यांना बोलता येत नाही, समजत नाही, म्हणून हे होतं. बरं, लहानपणी आपण कानगोष्टी खेळायचो ना, एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, तसला एक प्रयोग इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या संशोधकांनी केला, कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांचे सहकारी, 2020 साली छापून आला. काही साखळ्यांत सगळे ऑटिस्टिक, काहींत एकही नाही, आणि काहींत दोन्ही मिसळलेले. गोष्ट पुढं पुढं सांगत जायची. तर सगळ्या ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट तेवढीच चांगली पोचली जेवढी दुसऱ्या साखळीत, गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळीत. म्हणजे गडबड दोघांच्या मधे आहे, पण भुर्दंड नेहमी एकाच बाजूनं भरायचा.

आणि हे सगळं नोकरी लागल्यानंतरचं, आधी इंटरव्ह्यूची चाळणी आहेच. 2017 साली अमेरिकेत नोआ सॅसन वगैरे मंडळींनी एक अभ्यास केला, लोकांना ऑटिस्टिक आणि नॉन-ऑटिस्टिक माणसांचे छोटे व्हिडिओ दाखवले, आवाज ऐकवला, फोटो दाखवले, आणि विचारलं कसा वाटला माणूस. काही सेकंदांत ऑटिस्टिक लोकांबद्दल मत वाईट झालं. पण त्याच माणसांचं बोलणं नुसतं कागदावर लिहून दिलं, तेव्हा तो फरक उरलाच नाही. म्हणजे माणूस काय बोलतोय ते ठीक होतं, डोळ्यात डोळे घालत नाही, आवाज सपाट आहे, हात हलवतोय, याच्यावर आपण निकाल लावून मोकळे. आपल्याकडं इंटरव्ह्यूत तर पहिला प्रश्नच ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’, आणि शेवटी पॅनेल म्हणतं की नॉलेज आहे हो पण कल्चरमध्ये फिट होईल असं वाटत नाही. इन्स्पेक्टर घेताय ना? मग टेबलावर दहा पार्ट ठेवा, मापायला व्हर्नियर द्या, ड्रॉइंग द्या, अर्धा तास द्या. प्रश्न विचारायचेच असतील तर आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा, काय आकाश कोसळतं का?

एसएपी नावाची मोठी सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिनं 2013 मध्ये ऑटिझम असलेल्या लोकांना मुद्दाम नोकरीवर घ्यायचा कार्यक्रम जाहीर केला, आणि सुरुवातीचा छोटा प्रयोग आपल्या बेंगळुरूत झाला होता, सॉफ्टवेअर टेस्टिंगला. चांगलंच आहे, पण त्यातून लोकांच्या डोक्यात एक खूळ बसलंय की ऑटिस्टिक म्हणजे कॉम्प्युटरचा जादूगार. आमचा मुलगा जादूगार नाही. त्याला एक्सेलचा कंटाळा येतो. चांगला इन्स्पेक्टर आहे, बास, आणि चांगला इन्स्पेक्टर मिळणं काय सोपं नाही.

आता कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण मालक लोक इथं कान टवकारतात. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, आणि ऑटिझम, स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी हे त्यात नव्यानं आले, मानसिक आजार आधीपासून होताच. सरकारी नोकरीत 4 टक्के राखीव जागा आहेत, त्यातला 1 टक्का या तिघांच्या गटाला, बौद्धिक दिव्यांगांना आणि बहुविकलांगांना मिळून. एडीएचडीचं नाव त्या 21 मध्ये वेगळं नाही, त्यामुळं नुसतं एडीएचडी असणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा सर्टिफिकेटचा कागद नसतो. आणि खाजगीवाल्यांनो, प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, 20 किंवा जास्त माणसं असतील तर त्यात कोणती पदं योग्य आहेत ते लिहायचं, या सगळ्याकडं बघणारा लायझन ऑफिसर नेमायचा. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10,000 पर्यंत दंड, पुन्हा मोडला तर 50,000 ते 5 लाख. भोसरी-चाकणला किती जणांच्या नोटीस बोर्डावर ते धोरण लावलेलं दिसतं, हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाहीये.

पण मला विचाराल तर सर्टिफिकेटची वाट बघूच नका. कुणाचं निदान करणं हे साहेबाचं काम नाही, ‘तुला काहीतरी आहे, दाखवून घे’ असं तर चुकूनही म्हणू नका, आणि कुणी विश्वासानं सांगितलं तर ते कँटीनमध्ये जाता कामा नये. विचारायचं एवढंच, काम नीट व्हायला तुला काय पाहिजे. उत्तरं इतकी साधी येतात की आपल्यालाच लाज वाटते. त्या मुलाला कँटीनचा आवाज सहन होत नाही, ताटांचा खणखणाट, वर टीव्ही, म्हणून तो गर्दी व्हायच्या आधी जेवतो, झालं. शिफ्ट बदलायची तर आदल्या दिवशी सांगायचं, गेटवर आल्यावर नाही. स्टोअरला एक बाई आहेत, त्यांच्याकडून बॅच नंबर उतरवताना 69 चे 96 व्हायचे, त्यांना डिस्लेक्सिया आहे का मला माहीत नाही आणि मी विचारणार पण नाही, त्यांच्या टेबलावर बारकोड स्कॅनर ठेवला, रजिस्टर बंद. डिझाइनला एकजण आहे, कामात घुसला की दोन तास जेवणाचं भान नाही पण मधेच कुणी ‘ए ऐक ना’ म्हणालं की सगळं विस्कटतं, परत लिंक लागायला अर्धा तास. त्यानं टेबलावर लाल झेंडा ठेवलाय, झेंडा असला की बोलवायचं नाही, फोन पण नाही, मेसेज टाकायचा. पहिल्या दिवशी सगळे हसले, आता अकाउंटवाले पण झेंडा मागतायत.

एक मात्र सांभाळा. सवलत म्हणजे दया नाही. टार्गेट तेच, चुकलं तर चुकलं म्हणून तोंडावर सांगायचं, फक्त काय चुकलं आणि कसं पाहिजे ते नेमकं सांगायचं, आणि चारचौघांत नाही. ‘जाऊ दे, तो तसलाच आहे’ हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्या वाक्यानंतर त्या माणसाला कुणी नवीन काम शिकवत नाही. आणि टिंगल. सगळा स्टाफ साहेबाच्या तोंडाकडं बघत असतो. कुणीतरी त्या मुलाच्या बोलण्याची नक्कल केली आणि साहेब नुसता गालात हसला ना, की पोस्टरं लावा, ट्रेनिंग घ्या, जागतिक ऑटिझम दिन म्हणून 2 एप्रिलला निळे शर्ट घाला, सगळं पाण्यात. आमच्या सुपरवायझरनं, तोच डोकं फिरलेला, नक्कल करणाऱ्याला एवढंच विचारलं, तुझी रिजेक्शनची शीट भरली का रे? विषय तिथंच संपला.

सध्या आमच्याकडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. त्या मुलाला सुपरवायझर करायचं ठरलं, त्यानं सरळ नाही म्हणून सांगितलं, मला माणसं सांभाळायची नाहीत, मला इन्स्पेक्शनच करायचंय. एचआरचं म्हणणं, मग वरची ग्रेड देता येत नाही, कारण वरच्या ग्रेडला हाताखाली माणसं लागतातच, सिस्टीममध्ये दुसरा रकानाच नाही. म्हणजे काम उत्तम, पण पगार वाढवायचा तर न येणारं काम कर! मी लिहून दिलंय की सीनियर इन्स्पेक्टर अशी एक पोस्ट काढा, हाताखाली शून्य माणसं, लिमिट सॅम्पलची सगळी जबाबदारी त्याची. फाईल अजून वर आहे, आणि दरवेळी विचारलं की उत्तर येतं, हो हो, बघतो जरा. मी आता विचारलंय, कुठल्या तारखेपर्यंत बघताय?