आधी परमिट, मग तिकीट

(दृश्य: पहाट. धुक्यातले डोंगर. हिरव्या गणवेशातले ट्रॅकर झाडीत शिरताना.)

युगांडाचा नैऋत्य कोपरा. ब्विंडीचं जंगल. पर्यटकांचा नाश्ता अजून व्हायचाय, पण ट्रॅकर केव्हाच निघालेत. गोरिलांचं कुटुंब काल जिथे दिसलं होतं, तिथूनच आजचा माग सुरू होतो.

(दृश्य: मोडलेली कांडी, सोललेली साल, पानांची घरटी.)

ही कालच्या रात्रीची घरटी. प्रत्येक मोठा गोरिला रोज संध्याकाळी फांद्या आणि पानं वाकवून नवं घरटं करतो. पिल्लू आईजवळच झोपतं. घरटी मोजली की कुटुंब किती मोठं आहे याचा अंदाज येतो आणि घरट्यातल्या विष्ठेची डीएनए तपासणी केली की कोण कोण होतं हेही कळतं. २०१८ मध्ये ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोतल्या सरांब्वे जंगलात अशीच गणना झाली. गोरिला भरले ४५९. युगांडा, रवांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखी रांगेत त्याआधीच्या गणनेत ६०४. जगात पर्वतीय गोरिला या दोनच ठिकाणी, आणि प्राणिसंग्रहालयात एकही नाही. ज्यांना ते बघायचेत, त्यांना इथल्या जंगलांतच यावं लागतं.

(दृश्य: सूचना केंद्र. रेंजर परमिट तपासताना.)

परमिट म्हणजे गोरिला बघायचा परवाना. सहलीचं सगळं वेळापत्रक या कागदावर उभं आहे. आपल्याकडे आधी विमानाचं तिकीट निघतं, मग बाकीचं. इथे क्रम उलटा ठेवा. एका कुटुंबाला दिवसातून एकदाच भेट आणि एका गटात जास्तीत जास्त आठ पाहुणे, त्यामुळे जागा मोजक्याच. जुलै २०२४ पासून युगांडात परदेशी पाहुण्याला परमिटचे ८०० डॉलर पडतात, रवांडात १५००. रवांडात राजधानी किगालीहून प्रवास काही तासांचा. युगांडातल्या एंटेबे विमानतळाहून ब्विंडी गाठायला मात्र अख्खा दिवस मोडतो. किगालीला उतरून सीमा ओलांडत ब्विंडीच्या दक्षिणेला येणारेही बरेच आहेत. त्यांच्यासाठी युगांडा, रवांडा आणि केनिया मिळून एकच पर्यटक व्हिसा निघतो.

परमिटवर विभागाचं नाव नीट वाचा. बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो. नकाशात जंगल एकच, पण बुहोमा उत्तरेला आणि रुशागा दक्षिणेला, आणि रस्ता डोंगराला वळसे घालत जातो. मुक्काम दुसऱ्या टोकाला असेल, तर आठच्या सुमाराला सूचना सुरू होतात तेव्हा तुम्ही गाडीतच असाल.

पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं पिवळं कार्ड युगांडात शिरताना लागतं आणि भारतात परत येतानाही.

(दृश्य: मास्क वाटप. हात धुणारे पाहुणे.)

हा भाग कृपया लक्ष देऊन बघा. गोरिलांचे आणि आपले जनुक इतके जवळचे आहेत की आपली साधी सर्दी त्यांच्या फुप्फुसात उतरू शकते. १९९६ मध्ये ब्विंडीतल्या एका कुटुंबाला खरूज झाली. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका तेव्हा इथे वन्यजीवांच्या पशुवैद्यक म्हणून काम करत होत्या. संशय गेला तो शेतातल्या बुजगावण्यांवर, त्यांना घातलेल्या माणसांच्या जुन्या कपड्यांवर. एक पिल्लू दगावलं, बाकीची औषधाने वाचली. गावातली माणसं निरोगी नसतील तर गोरिलाही राहणार नाहीत, हे डॉ. ग्लॅडिस यांनी ओळखलं आणि २००३ मध्ये दोघांच्या आरोग्यासाठी मिळून काम करणारी संस्था काढली.

म्हणून मास्क. म्हणून दहा मीटरचं अंतर. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. आणि त्या सकाळी खोकला असेल, तर आठशे डॉलर भरलेत म्हणून तो लपवायचा नाही. रेंजरला सांगायचं.

(दृश्य: तीव्र चढ. पोर्टर हात देऊन वर ओढताना.)

सह्याद्री चढताना पायाला कातळ लागतो. इथे वेलींचा थर दबत जातो आणि जमीन लागतच नाही. काठी घ्या, हातमोजे घ्या, आणि चढ झेपत असला तरी सामान उचलायला पोर्टर घ्या. हे सगळे शेजारच्या गावांतले. काही जण पूर्वी याच जंगलात फासे लावायचे.

(दृश्य: झाडीत काळी हालचाल. कॅमेरा थांबतो.)

एक तास. आता सुरू झाला.

(निवेदन थांबते. फांद्या मोडल्याचा, चघळल्याचा आवाज.)

रेंजर खाकरल्यासारखा जो आवाज काढतोय, तो गोरिलांचाच आहे. आम्ही आहोत, काळजी नको, इतकंच तो सांगतोय. हा विश्वास एका दिवसात येत नाही. एका कुटुंबाला माणसाची सवय करायला दोनेक वर्षं लागतात. रोज त्याच वेळी जायचं, लांब बसायचं, पानं चघळल्याचं नाटक करायचं. नर धावून आला तरी पळायचं नाही, नजर खाली घ्यायची. १९९३ मध्ये बुहोमातल्या मुबारे कुटुंबापासून ब्विंडीतलं हे पर्यटन सुरू झालं.

(निवेदन थांबते. पिल्लू, आई, रुपेरी पाठीचा नर.)

(दृश्य: उतरणारा गट. गावची शेतं जंगलाच्या कडेपर्यंत.)

१९९१ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि जंगलात राहणारे बत्वा लोक बाहेर काढले गेले, बहुतेकांना भरपाईही मिळाली नाही.

जून २०२० मध्ये, महामारीने पर्यटन बंद असताना, न्कुरिंगो कुटुंबाचा प्रमुख नर रफिकी शिकाऱ्याच्या भाल्याने मारला गेला. शिकाऱ्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. परमिटच्या रकमेतला थोडा वाटा गावांच्या कामांसाठी जातो. पोर्टरचे पैसे मात्र थेट घरी पोहोचतात. लॉज ठरवतानाही विचारा, तिथे काम करणारे कुठले आहेत, भाजी कुणाच्या शेतातून येते. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने, परमिट सर्वांत लवकर संपतात ते तेव्हाच. चौकशी काही महिने आधी सुरू करा.