आधी वाक्य, मग व्हिसा

बसा, मागं जागा आहे. तो पंखा जरा कमी करा, माझे कागद उडताहेत आणि आज बोलायचंय ते कागदांवरच.

पत्रिकेत विषय छापलाय, 'परदेशी इंटर्नशिपसाठी योग्य व्हिसाची निवड'. माझं भांडण 'निवड' या शब्दाशीच आहे. मेथी निवडतात, व्हिसा नाही. तिथं जाऊन तुम्ही काय करणार हे ठरलं, की व्हिसा ठरलेलाच असतो. म्हणून कॉलेजात प्लेसमेंट बघत होतो तेव्हा प्रत्येक पोराला सांगायचो, आधी एक वाक्य लिहून आण. कुठं, किती महिने, काय करणार आणि पैसे कोण देणार. आणि मराठीत लिही. इंग्रजीत 'एक्सपोजर' म्हणून सुटता येतं. आईसमोर म्हणून बघा, 'एक्सपोजर घ्यायला चाललोय'. ती विचारतेच, म्हणजे नक्की काय करणार रे तिथं? (हशा) व्हिसाच्या खिडकीतला माणूस हेच विचारतो, फक्त जेवायला वाढत नाही.

आमचा एक हॉटेल मॅनेजमेंटचा विद्यार्थी. अमेरिकेतल्या एका हॉटेलात किचनमध्ये शिकायची संधी आलेली. एजंटानं सांगितलं, बी-१/बी-२ काढ, म्हणजे फिरण्या-भेटण्याचा टुरिस्ट व्हिसा, दहा वर्षांचा मिळतो, जाऊन काम कर, कोण बघतंय. विचारलं तर फिरायला चाललोय म्हण. मला पोरानं सांगितलं ते व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी, महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर! आता मिरजेला उतरून काय करणार? दादरला उतरलो, लोकलनं वांद्रे, तिथनं रिक्षा, बीकेसीतली अमेरिकेची वकिलात. आत मोबाईल चालत नाही, त्यामुळं त्याची पिशवी आणि फोन घेऊन मी फुटपाथवर. फोन सारखा वाजतोय, 'आई', 'आई'. शेवटी उचलला. "सर, गेला का आत? त्यास्नी सांगा, पोरगं लई गुणाचं हाय." मी म्हटलं, वहिनी, माझं तिथं कोण ऐकतंय! तेवढ्यात पोरगं बाहेर. हातात पासपोर्ट आणि एक कागद, त्यावर कलम २१४(बी). म्हणजे नकार. खिडकीवर विचारलं, कशाला चाललास? ह्याला खोटं जमेना. म्हणाला, वर्षभर किचनमध्ये शिकणार, महिन्याला पैसेपण देणार आहेत. उत्तर खरं होतं हो, पण अर्ज दुसऱ्याच व्हिसाचा! एजंटानं फी परत दिली का, ते विचारू नका. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, आणि ते अध्यक्षांना चालणार नाही.

नंतर आम्ही त्याचं वाक्य नीट लिहिलं आणि व्हिसा आपोआप समोर आला, जे-१ इंटर्न, म्हणजे तिथं काम करत शिकायचा व्हिसा. यासाठी कॉलेजात शिकत असायला हवं, नाहीतर पास होऊन बारा महिन्यांच्या आत. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. डीएस-२०१९ हा मूळ कागद हॉटेल देत नाही, अमेरिकी परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली प्रायोजक संस्था देते. आणि डीएस-७००२ म्हणजे काय शिकणार याचा आराखडा. त्यात ह्यानं लिहिलं होतं, 'किचनमधली सर्व कामे'. मी म्हटलं, बाळा, वर्षभर कांदा चिरणं हे शिक्षण की मजुरी? हॉटेल क्षेत्रात सहा महिने किंवा जास्त राहायचं तर किमान तीन विभागांत फिरवावं लागतं, असा नियमच आहे. मग लिहिलं, चार महिने थंड पदार्थ, चार महिने बेकरी, चार महिने बँक्वेट. जे-१ हातात पडला तेव्हा वहिनींनी पेढे पाठवले, कंदी.

चिठ्ठी आली, सात मिनिटं. अरे देवा, मुख्य विषय तर राहिलाच.

लिहून घ्या. जे आधीच अमेरिकेत एमएस करताहेत ते एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. त्यांना इंटर्नशिपसाठी नवा व्हिसा नको, सीपीटी लागतं, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी. ते कॉलेज आय-२० वर, म्हणजे कॉलेजनंच दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, नोंदवतं. नोंद आधी, कामावर हजर नंतर. साधारण एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळतं. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने भरलं, तर त्या पदवीवरचं ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची वेगळी परवानगी, गेलं. ओपीटी बारा महिन्यांचं, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर आणखी चोवीस.

जे-१ ला दोन वर्षं मायदेशी परतायची अट असू शकते. कुठल्या देशातल्या कुठल्या कौशल्यांना ही अट लागते, त्याची अमेरिकेची एक कौशल्ययादी आहे; डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यातनं भारताचं नाव वगळलं. पण सरकारी पैशावर गेलात तर अट लागू शकते, तेव्हा व्हिसावर काय लिहिलंय ते वाचा.

जर्मनी. इथल्या कॉलेजात शिकता शिकता तिथं इंटर्नशिप करायची, तर चौथ्या सेमिस्टरनंतर, अभ्यासक्रमाशी संबंधितच, एक वर्षापर्यंत. आणि तिथल्या रोजगार संस्थेची संमती लागते. ती येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.

हो, तुम्ही, खिडकीपाशी. पगार घेतलाच नाही तर टुरिस्टवर चालेल का? नाही ताई. हॉटेलनं बिनपगारी राबवलं तरी ते कामच. पोळ्या लाटायचा पगार तुम्हाला कुणी देतं का? मग ते काम नाही? (हशा, टाळ्या) बरं, चहा आलाय. ज्यांनी वाक्य लिहिलंय त्यांनी कागद घेऊन माझ्याकडं या, आणि पेनही आणा, माझं मघाशी कुणीतरी नेलंय.