ध्वनीने जंतू मरतात, पण किती?

नमस्कार मंडळी. चष्म्याच्या दुकानात मळलेला चष्मा पाण्याच्या ज्या छोट्या पेटीत टाकतात, तशीच एक पेटी आज माझ्यासमोर आहे. तिच्यात साधे नळाचे पाणी भरले, पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा त्यात उभा धरला आणि दोन मिनिटे पेटी चालवली. आता हा तुकडा उजेडासमोर धरतो. जागोजागी सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात आणि कड तर कुरतडल्यासारखी झाली आहे. पाण्यात आम्ल नव्हते की वाळू नव्हती. हे काम पेटीच्या ध्वनीने पाण्यात उठलेल्या बुडबुड्यांचे आहे.

सेकंदाला 20,000 पेक्षा अधिक कंपनांचा ध्वनी आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण पाणी मात्र त्याच्या प्रत्येक कंपनाबरोबर दाबले जाते आणि ताणले जाते. ताणाच्या क्षणी विरघळलेल्या हवेचे सूक्ष्म बुडबुडे फुगतात, काही आवर्तनांत मोठे होतात आणि मग एकाएकी स्वतःतच कोसळतात. त्या क्षणी बुडबुड्याच्या आतले तापमान काही हजार अंशांवर जाते. मात्र बुडबुडा इतका लहान आणि तो क्षण इतका अल्प असतो की भोवतालचे पाणी हळूहळूच कोमट होते. जवळ असलेल्या जिवाणूला तेवढ्यात आघातलहरींचा तडाखा बसतो आणि त्याचे पटल फाटते. सोनोग्राफीचा ध्वनी याच जातीचा असला, तरी त्याची कंपने कितीतरी अधिक आणि जोर कमी असतो, त्यामुळे बुडबुड्याला वाढायला सवडच मिळत नाही. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

ध्वनीने जंतू मारण्याची ही कल्पना नवी मुळीच नाही. अमेरिकेत हार्वे आणि लूमिस यांनी 1929 मध्येच अंधारात चमकणाऱ्या जिवाणूंचा अशा ध्वनीने नाश करून दाखवला होता. मग इतक्या वर्षांनंतरही आपल्या पिशवीतले दूध उष्णतेनेच का पाश्चरीकृत होते? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्ये फळांच्या रसासाठी घातलेला नियम पाहा : त्या रसात संभवणाऱ्या सर्वांत चिवट रोगजंतूंपैकी एक लाखात फार तर एक जिवंत राहावा. एकट्या ध्वनीने, रसाची चव न बिघडवता, व्यवहारात परवडेल इतक्या वेळात ही मजल गाठणे अवघड जाते. जाड भिंतीचे जिवाणू दाद देत नाहीत आणि बीजाणू, म्हणजे कठीण कवचात निद्रिस्त झालेले जिवाणू, तर जवळपास ढिम्म राहतात.

साहजिकच मनात येते की ध्वनीला थोड्या उष्णतेची जोड द्यावी. पण इथे गंमत आहे. पाणी तापले की बुडबुड्यात वाफ शिरते, ती उशीसारखी आड येते आणि बुडबुडा पूर्वीच्या त्वेषाने कोसळत नाही. स्पेनमधील सारागोसा विद्यापीठातील संशोधकांनी 1990 च्या दशकात यावर तोडगा काढला : उष्णता आणि ध्वनी यांच्या जोडीला बाहेरून दाबही द्यायचा. दाबामुळे कोसळण्याचा जोर परत येतो आणि तिघे मिळून ते करतात, जे एकेकट्याला साधत नाही. माझ्या मते या तंत्राचे खरे मोल इथेच आहे. उष्णतेला हटवण्यात नव्हे, तर तिचा वाटा कमी करण्यात.

ध्वनीने पालेभाजी धुणाऱ्या यंत्रांबाबत मात्र एक सांगितलेच पाहिजे. ध्वनी पानावरचे जंतू सुटे करतो खरा, पण सुटलेल्यांपैकी पुष्कळसे त्याच पाण्यात जिवंत तरंगत राहतात, म्हणून त्या पाण्यात जंतुनाशक लागतेच.

कारखान्यातली अडचण वेगळीच आहे. बुडबुड्यांचा खरा जोर कंप पावणाऱ्या टायटॅनियमच्या दांड्याच्या टोकाजवळच असतो, त्यामुळे हजार लिटरच्या टाकीत तो सर्वत्र पोहोचत नाही; शिवाय फॉइलला जे झाले तेच त्या टोकालाही होते, ते झिजते आणि बदलावे लागते. दुधाला तर जास्त वेळ दिल्यास जळकट वास येतो. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित यांनी ज्या मार्गावर दीर्घकाळ काम केले आहे, तो म्हणूनच लक्षवेधी वाटतो : पंपाने द्रव अरुंद छिद्रातून जोराने ढकलायचा, म्हणजे छिद्रात वेग वाढून दाब कमी होतो आणि तेच बुडबुडे, ध्वनीवाचूनच, वाहत्या नळीत जन्मतात आणि फुटतात.