मणक्यातला गॅप

(दृश्य: पत्र्याचं घर. खुंटीला अडकवलेली कापड दुकानाची पिशवी.)

बीड जिल्ह्यातला, धारूरकडचा डोंगरपट्टा. मे महिना. बारा वाजले की गल्लीत चिटपाखरू नसतं. मावशी खुंटीवरची पिशवी काढतात, आतला एक्स-रे काढतात आणि दारात येऊन उन्हाकडे धरतात. हा एक्स-रे आजवर इतक्या जणांना दाखवून झालाय, की त्याचे कोपरे मुडपून पांढरे पडलेत.

"हे बघा, हितं," मावशी बोट ठेवतात. "गॅप हाय म्हणले. तवापासून लई दुखायली कंबर."

गॅप! लातूरच्या मोंढ्यात पोती वाहणारा हमाल असो, एसटीचा ड्रायव्हर असो की दिवसभर खुर्चीत बसणारा तलाठी, मराठवाड्यात कंबर धरली की बहुतेकांच्या तोंडी निदान एकच: मणक्यात गॅप पडलाय.

(दृश्य: एक्स-रे जवळून. बोट एकेका मणक्यावरून खाली सरकतं.)

आता हाच एक्स-रे नीट बघू. पांढरे ठोकळे दिसतात ते मणके. दोन ठोकळ्यांच्या मधे काळपट फट दिसते, ती गादीची जागा. एक्स-रेवर हाड उमटतं, गादी उमटत नाही, म्हणून तिथे मोकळं वाटतं. म्हणजे गॅप असायलाच पाहिजे. मावशींच्या कंबरेत खालच्या दोन मणक्यांमधला गॅप वाढलेला नाही, कमी झालाय. गादी बसलीय. मणका जागेवरून पुढे घसरण्याचा आजारही असतो, पण तो वेगळा, आणि मावशींना तो नाही.

शब्द उलटा पडला म्हणून काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं. गॅप ऐकलं की माणसाला वाटतं, आपले मणके सुटत चाललेत, वाकलो तर निखळतील. मग तो वाकायचं सोडतो, चालायचं सोडतो, कंबरपट्टा आवळून बाजेवर पडून राहतो. महिना-दोन महिन्यांत पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि दुखणं खरोखरच वाढतं. या शब्दानं पुष्कळ धडधाकट माणसं बाजेला खिळवलीत, असं आमचं मत आहे.

जन्मताना आपल्या पाठीत तेहतीस मणके असतात. खालचे पुढे एकमेकांत जुळून जातात आणि हलणारे उरतात चोवीस. त्यांच्यामधे तेवीस गाद्या. गादी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कापूस येतो, पण ही गादी तशी नाही. बाहेरून सुतळीसारख्या चिवट धाग्यांचे थरावर थर आणि आत ओला, लिबलिबीत गर. लहानपणी या गरात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वय वाढतं तसं ते आटतं. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. दाब पडला, दाब सुटला, की तिच्यात पोषण झिरपतं. म्हणजे आपण हललो तर ती जेवणार.

आणि आटलेली, फुगलेली गादी म्हणजे दरवेळी आजार नव्हे. पाठ दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय काढून पाहिले गेलेत. दहातल्या सहा जणांची गादी फुगलेली निघाली. त्यांना कसलाही त्रास नव्हता. डोक्याचे केस पिकतात, तशा गाद्याही पिकतात. म्हणून पाच-सहा हजार मोजून आणलेल्या एमआरआयच्या कागदावर काय छापलंय, त्याच्या आधी माणसाला कुठे, कधी आणि काय केल्यावर दुखतं, हे विचारावं लागतं.

(दृश्य: पार. म्हातारे बसलेत.)

पारावर विचारलं, तर उसणीवरचा उपाय सगळ्यांना पाठ. पायाळू माणूस गाठायचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले असा, आणि त्याचा पाय कंबरेला लावून घ्यायचा. "आन् गुण येतोच," एक आजोबा ठासून सांगतात. येतोच, त्यात खोटं काही नाही. उसण म्हणजे स्नायूला बसलेला हिसका. ती बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. पायाळू सापडेपर्यंतच चार दिवस गेलेले असतात. हलकेच लावलेल्या पायानं सहसा नुकसान नाही. बिब्ब्याच्या चटक्यानं मात्र कातडी जळते आणि आतलं दुखणं होतं तिथेच राहतं.

गादीचा गर बाहेर येऊन शीर दाबली गेली, की कथा बदलते. कळ कंबरेतून निघते, कुल्ल्यातून, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि थेट अंगठ्यापर्यंत जाते. खोकलं, शिंकलं तरी झटका बसतो. माणूस घाबरतो आणि ऑपरेशनच्या पैशांसाठी शेळ्या विकायच्या गोष्टी सुरू होतात. पण बाहेर आलेला हा गर पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेतं. दीड ते तीन महिन्यांत बहुतेकांना सुया न टोचता, चिरफाड न करता आराम पडतो. तोवर बेताच्या गोळ्या, झेपेल तितकं चालणं आणि शिकवलेले व्यायाम. दोन दिवस पडून राहावं, पण महिनाभर नाही.

थांबायचं नाही अशा वेळाही आहेत, आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि कळत नाही. लघवी अडते, नाहीतर नकळत होते. सायकलच्या सीटवर टेकतो त्या जागेला बधिरपणा येतो. असं काही झालं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. संभाजीनगरची घाटी असो, आंबेजोगाई असो, नांदेड असो, उद्यावर ढकलायचं नाही. आणि पाठदुखीसोबत संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर मणक्याचा टीबी नाही ना हे आधी बघायचं. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घ्याव्या लागतात, आणि मधेच सोडल्या तर महागात पडतं.

(दृश्य: उसाचा फड. संग्रहातली चित्रफीत. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते.)

आता मावशींच्या कंबरेकडे परत येऊ. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पहाटे फडात उतरायचं. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि गाडी भरायची. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून कंबर दुखली तरी खाडा नाही.

माणूस नुसता उभा असताना कंबरेच्या गादीवर जितका दाब असतो, त्याच्या चौपटीहून जास्त दाब पाठ वाकवून वीस किलो उचलताना येतो. हे गादीत बारीक सुई घालून मोजलेलं आहे. तेच वजन गुडघ्यात वाकून आणि अंगाशी धरून उचललं, तर दाब बराच कमी होतो.

याच बायकांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय राज्यभर गाजला, सरकारनं समिती नेमली. काहींची पिशवी तिशीच्या आतबाहेर गेलेली. कंबर दुखते म्हणून दवाखान्यात गेलेली बाई पिशवी काढून परत यावी, ही गोष्ट पचत नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल, तर पाळी जाण्याच्या वयाआधीच स्त्रीचं संप्रेरक थांबतं आणि हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. म्हणजे एका कंबरदुखीवर केलेला उपाय दहा वर्षांनी दुसरी कंबरदुखी घेऊन येतो. अशा बाईची हाडांची घनता तपासायला हवी, आणि हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

(दृश्य: आठवडी बाजार. गुडघ्यावर हात टेकून उठणारी आजी.)

गुडघ्यांची गोष्ट थोडक्यात. "वाटीतलं ग्रीस संपलं" असं म्हणतात. खरं म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, कूर्चा, विरत जाते. गेलेली कूर्चा गोळीनं किंवा तेलानं परत येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट केले तर गुडघ्यावरचा भार ते उचलतात. वजन एक किलोनं उतरलं, तर चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला चारेक किलोनं हलका होतो. आणि काठी! बाजारात बघा, उजवा गुडघा दुखणारा माणूस काठीही उजव्याच हातात धरतो. ती डाव्या हातात हवी. इतक्यानंही फरक पडतो. सगळं करून रात्रीची झोप उडत असेल, तर सांधा बदलायचा. 2017 मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे निदान त्या भागाची लूट थांबली.

सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडत असतील, दोन्ही हातांचे, तर तो झिजेचा आजार नव्हे, आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी आणि जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. किनवटकडे अजून एक निराळं कारण सापडतं. तिथल्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वरचं असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की मणक्यांचे बंधच हाडासारखे कडक होऊ लागतात. तिथे औषधाआधी पाणी बदलावं लागतं.

आणि बाजारातली ती पुडी. "देशी औषध, साइड इफेक्ट नाही." दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. इतका झटपट गुण आला तर संशय घ्या. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. महिनोन्महिने घेतलं तर तोंड सुजतं, साखर वाढते, खुब्याचं हाड मरतं. साध्या वेदनाशामक गोळ्याही रोज खायच्या नसतात. आपली गिधाडं कशानं संपली? गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं. मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 मध्ये गुरांसाठी ते बंद झालं. तेच औषध मेडिकलवाल्याकडून माणसं चिठ्ठीविना घेतात. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही हे खरं, पण मूत्रपिंड त्यालाही आहे.

(दृश्य: मावशींचं अंगण. कडब्याच्या पेंढ्या.)

तालुक्याहून आलेल्या फिजिओथेरपिस्ट ताई एक्स-रे बाजूला ठेवतात आणि विचारतात, "मावशी, मोळी केवढी असते?"

"केवढी म्हंजे? मोळीएवढी."

"वजन किती?"

हे मावशींना आजवर कुणी विचारलेलं नाही. त्या हसतात, उठतात आणि अंगणातला कडबा ओढून मोळी बांधायला घेतात. नवरा किराणा दुकानातला लटकता काटा घेऊन येतो. गल्लीतली पोरं जमतात. मोळी काट्याला अडकते आणि दोघांना मिळून तो वर धरावा लागतो. काटा एकोणतीसवर थांबतो.

"आन् ह्यो तर वाळला कडबा हाय," मावशी म्हणतात. "ऊस वल्ला असतोय."

ताई त्यांना गुडघ्यात वाकून, मोळी पोटाशी घेऊन उठायला शिकवतात. मावशींना दुसऱ्याच खेपेला जमतं. मग बाजेवर उताणं झोपून, गुडघे मुडपून कंबर वर उचलायचा व्यायाम, सकाळी दहा, रात्री दहा. तेही जमतं. शेवटी ताई म्हणतात, "आणि मोळी निम्मी बांधायची. वीसच्या आत."

मावशी कडबा सोडता सोडता थांबतात.

"निम्मी बांधली तर फेऱ्या दुप्पट व्हत्यात, ताई. आमच्या टोळीत पंधरा कोयते हायती. गाडी भरायला म्या एकटीनंच उशीर लावला, तर मुकादम काय म्हणंल?"

ताई लगेच काही बोलत नाहीत. खाली वाकतात, गुडघ्यात, आणि विखुरलेल्या पेंढ्या गोळा करायला लागतात.

"मुकादमाचा नंबर आहे का तुमच्याकडं?"